व्याही गरवायला आले

खाडीवर कुणी चुकीच्या जागी गरी टाकली की दामाजीच्या पोटात कळ यायची. माणूस ओळखीचा असो नसो, त्याला मासा मिळो न मिळो, दामाजीचं त्यात काडीचं जात नव्हतं. पण राहवायचं नाही. आधी जिभेचा च्यक् असा आवाज यायचा, पाल चुकचुकावी तसा. थोड्या वेळानं दुसरा. तिसऱ्या च्यक्‌ला तो आपली गरी दगडाखाली दाबून उठायचा आणि त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा, तिथं कशाला टाकलीस हे विचारायला.

"कनाला टाकलीस तय?"

"का हो? काय झालं?"

"पानी बग की जरा. पानी सांगतंय तुला, हय काय नाय, घरी जा. देवानं डोले कनाला दिलेत, गॉगल लावाला?"

गरी म्हणजे गळ, आणि काठावर बसून गळानं मासे धरणं म्हणजे गरवणं. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीच्या पश्चिमेला, मोठागावच्या खाडीवर, रविवारी सकाळी गरवायला बरीच मंडळी जमायची; आणि दामाजी येताना दिसला की त्यातल्या निम्म्यांना ओल्या कपड्यात बसल्यासारखं व्हायचं. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दामाजीला वाटायचं, मानानं म्हणतात.

त्याच्या बापाची होडी होती. बाप गेला, होडी गाळात कुजली, जाळी उंदरांनी खाल्ली, आणि दामाजी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागला. आठवडाभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या आणि सुट्टीला खाडी गाठायची. बापाकडून आलेली एकच इस्टेट त्याच्यापाशी उरली होती: पाणी वाचणं. भरती लागली की वरचं पाणी कुठं पळतंय आणि कुठं रेंगाळतंय ते बघायचं. पळतं पाणी आणि रेंगाळतं पाणी जिथं एकमेकांना घासतात तिथं फेसाची बारीक रेघ पडते. मोठा मासा त्या रेघेच्या आळशी बाजूला तोंड उघडून बसलेला असतो, गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या वाण्यासारखा. बोयटं, म्हणजे ती बारकी मासळी, एकदम उडाली तर हौसेनं उडत नाहीत, खालून कुणीतरी मागे लागलेलं असतं. आणि खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या दलदलीतल्या, तिवरांमधून येणारा ओहोळ खाडीला मिळतो, त्या तोंडावर तर बसायचंच. तिथं कोळंबी वाहत येते, आणि कोळंबीच्या मागे जिताडा.

हे सगळं तो न विचारता सांगायचा. विचारलं तर मात्र भडकायचा. एकदा नव्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ सकाळचे फिरायला आले आणि अगदी इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाले, "काय हो, इथे मासे वगैरे असतात का?"

"नाय," दामाजी म्हणाला, "हय म्हशी असतात. मासं बाजारान भेटतात."

तर अशा या माणसाला एका रविवारी बायकोनं, जनीनं, तोंड बंद ठेवायला सांगितलं. कारण होतं मालूची सोयरीक.

मालू ही दामाजीची एकुलती एक मुलगी. शिवणाचा क्लास करून घरीच ब्लाउज शिवायची. ठाण्याला, चेंदणी कोळीवाड्यात मावशीच्या घरी लग्न होतं, तिथं करंज्याच्या शिवरामनं तिला पाहिलं आणि तिनं त्याला. दोघांचं ठरल्यासारखंच होतं. दोन्हीकडच्या बायकांनाही पसंत होतं. राहिला होता फक्त शिवरामचा बाप, धाकूशेठ.

करंजा म्हणजे उरणच्या टोकाचं, थेट दर्यावरचं गाव. धाकूशेठची तिथं स्वतःची बोट, बोटीवर त्याचाच शब्द, आणि घरीही त्याचाच. शिवरामच्या आधीच्या दोन सोयरिकी त्यानं नुसत्या उठून जाण्यानं मोडल्या होत्या. पहिल्या घरी मुलीच्या बापानं त्याच्या बोलण्यावर "तसं नाय हो धाकूशेठ" म्हटलं. झालं. दुसऱ्या घरी मुलीचा मामा हसला. कशाला हसला ते अजून कुणाला कळलेलं नाही. धाकूशेठ अर्धा चहा टाकून उठला तो सरळ एसटी स्टँडवर. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत एकच बोलणं होतं की त्या म्हाताऱ्यापुढे फक्त मान हलवायची.

"तिसरा घर आपला हाय," जनी दामाजीला म्हणाली. "तुमची जीब मना ठावी हाय. आज ती दातांच्या आत. तो बोलला सूर्य खाडीतून उगवतो, तरी व्हय म्हनाचा."

"आनि पान्याचा काय बोलला तर?"

"पान्याचा बोलला तर दोनदा व्हय."

मालू शिलाई मशीनवरून उठून आली. "बाबा, प्लीज हां. तुम्ही पूजेला भटजींना पण बोललेलात, पाणी चुकीच्या बाजूनं सोडलं म्हणून."

"चुकलाच व्हता त्यो."

"बाबा!"

"व्हय," दामाजी म्हणाला. "बग, जमतंय ना?" पण मालूच्या डोळ्यांत पाणी उभं होतं, आणि ते पाणी दामाजीला अगदी स्वच्छ वाचता आलं. त्यानं मनात गाठ मारली. काय वाटेल ते होऊ दे, आज बोलायचं नाही.

पाहुणे एसटी बदलत बदलत आले. शिवरामला बापानं बोटीवरून सुट्टी दिली नव्हती. धाकूशेठ आणि त्याची बायको रंभाबाई, दोघंच. धाकूशेठ पांढऱ्या टेरिकॉटच्या सदऱ्यात, छाती पुढं, आवाज त्याहून पुढं. जन्मभर वारा आणि इंजिन यांच्यावर ओरडून बोललेला माणूस. घरात बसून "पानी द्या" म्हणाला तरी शेजारची दोन घरं दारात आली, भांडण कुणाचं लागलं म्हणून. प्रत्येक वाक्य "आमच्या दर्यान" पासून सुरू व्हायचं आणि "कलला?" वर येऊन आदळायचं.

"आमच्या दर्यान असा च्या कोन पीत नाय. आमच्या दर्यान च्या म्हंजे काला. कलला?"

"व्हय," दामाजी म्हणाला.

जनीनं सुटकेचा श्वास टाकला. रंभाबाई एका कोपऱ्यात पदर सावरून गप्प बसली होती, डोळे मात्र सगळीकडे फिरत होते.

व्याह्याच्या ताटात जिताडा पाहिजे, ही आपल्याकडची रीत. पापलेट वाढा, सुरमई वाढा, जिताडा नसेल तर पाहुणा जेवला एवढंच खरं. मान काही झाला नाही. म्हणून जनीनं पहाटेच कल्याणच्या बाजारातून चांगला हातभर जिताडा आणून ठेवला होता. तो तिनं कौतुकानं परातीत दाखवायला आणला आणि तिथंच घात झाला.

धाकूशेठनं माशाचा कल्ला उचलून बघितला. "बाजारातला?"

"ताजा हाय," जनी म्हणाली.

"ताजा असंल. पन खाडीवर ऱ्हाता ना तुमी? आनि मासा बाजारातून?" मग तो दामाजीकडे वळला. "मास्तर म्हनतात ना तुमाला हय? मी आयकलाय. चला उठा. गरवून आनू. मी दावतो तुमाला पानी कसा वाचाचा. कलला?"

दामाजीनं तोंड उघडलं. जनीनं परातीआडून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात मालूची हळद होती, मांडव होता, आणि नाही जमलं तर पुढचे सहा महिने घरात मिळणारं जेवण होतं.

"व्हय," दामाजी म्हणाला. मग आठवण होऊन पुन्हा म्हणाला, "व्हय."

चैत्रातली पुनव नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. ओहोटी संपून पाणी नुकतं भरायला लागलं होतं. दामाजीनं जिवंत कोळंबीचा डबा, गरी बुडवायला शिसं आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची, दोन भेंडोळी घेतली आणि पाहुण्याला सरळ आपल्या हुकमी जागेवर नेलं, ओहोळाच्या तोंडावर. फेसाची रेघ पडायला लागलीच होती. इतकी सुरेख, की दाखवायला बोट आपोआप वर गेलं. दामाजीनं ते बोट खाली आणून कान खाजवला.

"हय?" धाकूशेठ ओरडला. काठावरचे दोन बगळे उडाले. "ही नाली हाय, नाली! आमच्या दर्यान असल्या पान्यान कोन पाय धूत नाय."

"व्हय."

"मासा कय असतो? लाट फुटत नाय तय. लाट फुटते तय उथल, नाय फुटत तय खोल. खोल तय मासा. कलला? आता लाटा बगा."

लाटा? खाडीत? दामाजीच्या जिभेवर च्यक् आला, त्यानं तो खोकल्यात बुडवला. तेवढ्यात रेती उपसणारी एक मोठी होडी फटफटत समोरून गेली. तिच्या मागून उठलेला पाण्याचा वळ काठाकडे सरकला आणि ओहोळापलीकडच्या रेतीच्या पट्ट्यावर फुटला. हा पट्टा जिभेसारखा खाडीत घुसलेला. त्याच्या टोकापाशी मात्र पाणी न फुटता नुसतं डुललं.

"बगितला?" धाकूशेठनं टाळी वाजवली. "तय खोल. मी चाललो."

होडीच्या हेलकाव्यावरून खाडी वाचणारा माणूस दामाजीनं आयुष्यात पाहिला नव्हता. बैलगाडीच्या चाकोऱ्या बघून आगगाडीचं टाइमटेबल सांगावं तसला प्रकार. त्याला वाटलं, हा सदरा धरून मागे ओढावा आणि विचारावं, शेठ, ती होडी गेल्यावर काय वाचाल, धूर? पण मालूचे डोळे आठवले. त्यानं कोळंबीच्या डब्याचं झाकण उघडलं. धाकूशेठ घोट्याएवढ्या पाण्यातून ओहोळ ओलांडून पलीकडे गेला आणि जिभेच्या टोकावर, खाडीकडे तोंड करून, पाय फाकवून उभा राहिला, बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहावा तसा. तंगुसाचे दोन वेढे त्यानं हाताच्या पंजाला मारले. दामाजीनं डोळे मिटून घेतले. तंगूस हाताला गुंडाळायचा नसतो, हे कोळ्याच्या तान्ह्या पोरालाही कळतं.

मग सुरू झालं व्याख्यान, ओहोळापलीकडून.

"दामाजी! गरी टाकताना कंबर फिरली पायजे! तुमी हातानं टाकता!"

"व्हय!"

"शिसा लय लावलाव तुमी! शिसा कमी पायजे!"

"व्हय!"

"कोलंबी शेपटातून नाय, डोस्क्यातून टोचाची!"

डोक्यातून टोचली की कोळंबी मरते. मेलेली कोळंबी जिताडा हुंगत पण नाही. "व्हय," दामाजी म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला. समोर फेसाच्या रेघेअलीकडे पाणी आतून एकदा फुगलं. आवाज न करता, पोटात कळ यावी तसं. जिताडा. मोठा. तंगुसावर अगदी हलकी टिचकी आली, म्हणजे मासा कोळंबी नुसती ओठांत धरून बघत होता. दामाजीनं श्वास रोखला.

"दामाजीऽऽ! काय लागला काऽऽ?" आणि प्रश्नाबरोबर धाकूशेठनं पायातली चप्पल धुण्यासाठी पाण्यात थपाथपा आपटली.

पाणी सपाट झालं. तंगूस ढिला पडला. जिताडा बहुधा वाशीपर्यंत पोचला असेल. दामाजीनं गळ्यातला टॉवेल तोंडात कोंबला आणि त्यात जे काय बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. टॉवेल ओला झाला.

तो तोंडातून काढतो न काढतो तोच पलीकडून डरकाळी आली. "लागलाऽऽ!"

आणि खरंच लागला होता. तंगूस तिरका ताठ, आणि टोकाला पाणी फोडून एक रुपेरी अंग वर आलं, शेपटीचा फटका बसला आणि खाली गेलं. जिताडा. भलामोठा. चुकीच्या जागी, चुकीच्या शिशाला, डोक्यातून टोचलेल्या मेल्या कोळंबीला!

दामाजीला बसल्या जागी घाम फुटला. हे कसं झालं? मग हळूच उजेड पडला: रेतीवाल्यांनी तिथली रेती उपसून उपसून खड्डा केला होता. बापाच्या वेळी नसलेला खड्डा. दामाजी इतकी वर्षं बापाची खाडी वाचत बसला होता, आणि हा करंज्याचा मनुष्य पहिल्याच दिवशी येऊन, कसा का होईना, आजची खाडी वाचून मोकळा झाला. याहून संतापजनक गोष्ट दामाजीच्या आयुष्यात घडली नव्हती.

"कलला?" धाकूशेठ नाचत ओरडला. "कलला कं नाय?"

"व्हय," दामाजी पुटपुटला, आणि शरमेनं त्यानं नजर ओहोळाकडे वळवली. म्हणूनच त्याला ते दिसलं.

तिवराचं एक पिवळं पान मघाशी ओहोळातून बाहेर वाहत होतं. आता ते उलटं, आत, खाजणाकडे पळत होतं, आणि चांगलं पळत होतं. उधाणाची भरती खाडीतून वर चढण्याआधी ओहोळातून आत घुसते आणि जिभेला मागून वेढा घालते. घोट्याचं पाणी गुडघ्यावर गेलं होतं, आणि जिभेच्या मुळापाशी, जिथून धाकूशेठ चालत गेला होता, तिथं गाळ लोण्यासारखा मऊ होत होता. त्या गाळात म्हैस गेली तरी आपणहून बाहेर येत नाही. आणि धाकूशेठची पाठ होती इकडे. दर्यावरचा माणूस, त्याला समोर बघायची सवय, पाठीमागे जमीनच असते या भरवशावर.

"धाकूशेठ," दामाजीनं नम्र हाक मारली, "जरा इकडं येताव का?"

"मासा इकडं हाय! तिकडं कनाला येऊ?"

"व्हय, पन पानी..."

"पान्याचा मना शिकवू नका! पानी कोनी वाचला?"

"तुमी," दामाजी म्हणाला. ओहोळातलं पाणी एव्हाना मांडीला आलं असेल. "तुमीच वाचला. पन मागं जरा..."

"तुमाला जलतंय, दामाजी! मासा मना लागला म्हनून जलतंय तुमाला!"

दामाजीनं एकदा घराच्या दिशेनं बघितलं. एक शब्द उलटा बोललो तर सोयरीक तुटते. नाही बोललो तर व्याहीच राहत नाही. त्यानं टॉवेल कमरेला बांधला. सकाळपासून दातांआड कोंबलेलं सगळं एकदम वर आलं, आणि मोठागावच्या काठावरचा माणूस न माणूस उठून उभा राहिला.

"अरे ए भोपल्याऽऽ! मागं बग! मागं! ही खाडी हाय, तुझा दर्या नाय! दर्या समोरून येतो, खाडी पाठून येते! सकालपासून कलला कलला लावलंस, तुला सोताला काय कलला रं? सोड तो मासा! तुला पान्यान जावाला शिकवला, भायेर येवाला कोनी शिकवला नाय काय? हय बुडलास तर तुझी बायको मना धरंल, माझी पोर तशीच ऱ्हाईल घरान, आनि तू मेल्यावर तुझ्या वरसाच्या जेवनाचा जिताडा पन मीच आनू काय रं, डुकराऽऽ?"

धाकूशेठ वळला. आधी त्यानं बघितलं ते कुणाला कोण ओरडतंय. आपल्यालाच, हे कळायला त्याला वेळ लागला, सवय नव्हती. मग त्याला पाणी दिसलं. तो मासा ओढत जिभेच्या मुळापर्यंत आला, तिथं त्यानं एक पाऊल काठाकडे टाकलं आणि ते पाऊल गेलं ते गेलंच, गुडघ्यापर्यंत गाळात. हाताला तंगुसाचे वेढे, मागून मासा ओढतोय, खालून गाळ ओढतोय, आणि मधे टेरिकॉटचा सदरा.

दामाजी ओहोळात घुसला. पाणी छातीला लागलं. पोहत, चालत, शिव्या देत तो पलीकडे पोचला, आधी दातांनी तंगूस तोडला, मग धाकूशेठला काखेत धरून आडवा पाडला. "चालू नको! झोप! चिखलावर झोप, बोयटासारखा! असा सरपट! हां! पोट घास!"

"मासा!" धाकूशेठ रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझा मासा सोडलास तू!"

"गप! पाय मार!"

काठावरच्या मंडळींनी बांबू पुढं केला आणि दोघांना ओढून घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा गाळ. कोण व्याही आणि कोण मास्तर ते ओळखायला त्यांना बोलावं लागलं असतं, आणि दोघंही बोलत नव्हते.

परतीच्या वाटेवर धाकूशेठ मागे न बघता पुढं पुढं चालत राहिला. हे ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. दामाजीच्या कानात जनीचं बोलणं आधीच सुरू झालं होतं, तिच्याच आवाजात, तिच्याच हेलानं: एक काम सांगितला व्हता, एक! व्हय म्हनाचा! पोपट म्हनतो व्हय, तुमाला जमला नाय! नळावरच्या बायकांनी हंडे तसेच ठेवले आणि वाट करून दिली.

दारात जनी. तिनं दोघांना बघितलं आणि चौकटीला टेकली. तिच्या मागे मालू, हातात कोथिंबीर.

"रंभे," धाकूशेठ अंगणातूनच म्हणाला, "उठ. चल. एसटी गाठू."

मालूच्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

रंभाबाई सावकाश बाहेर आली. "काय झाला?"

"काय झाला? या मानसानं... या मानसानं मना भोपला म्हटला!"

रंभाबाईचे ओठ हलले. "भोपला?"

"अख्ख्या गावासमोर! आनि..." इथं धाकूशेठचा आवाज चिरकला, "आनि डुकर!"

"आनि?"

"आनि काय? आनि म्हनतो, माझ्या वरसाचा जिताडा आनील!"

रंभाबाईनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. जनीला वाटलं रडतेय, म्हणून ती धरायला पुढं झाली. पण रंभाबाई हसत होती, अशी की तिला पायरीवर बसावं लागलं. "भावोजी," डोळे पुसत ती दामाजीला म्हणाली, "कसं वरडलात? सगला सांगा. पयल्यापासून."

"जाऊ दे वयनी, माझा चुकला..."

"सांगा म्हनते ना!"

दामाजीनं चाचरत सांगितलं. चाचरणं तिला चालेना. "असा नाय. जसा वरडलात तसा." मग त्यानं तसंच सांगितलं, आणि सांगता सांगता सकाळची घुसमट पुन्हा वर आली, आवाज चढला, शेजारची दोन्ही घरं दारात आली.

रंभाबाईचं हसू थांबलं. "यांच्या बोटीवर पोरं हाईत," ती म्हणाली, "सगली व्हय शेठ, व्हय शेठ. वारा फिरला तरी कोन सांगत नाय. शिवराम पन नाय, बापाला भितो. बोट भायेर गेली की मी दिवा लावून बसते, आनि ती येईपर्यंत माझ्या घशाखाली घास जात नाय. त्या पयल्या घरचा मानूस 'तसं नाय' म्हनाला आनि लगेच पाया पडला. मी तवाच म्हटला, हे घर नको. आज कोनतरी भेटला. जनीबाय, सुपारी आना."

कुणी हललं नाही. कारण धाकूशेठ अजून अंगणातच होता, गाळ वाळून भेगा पडायला लागलेला, मान खाली. मग त्यानं मान वर केली आणि सरळ दामाजीच्या डोळ्यांत बघितलं.

"एक सांग," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "खरा सांग. पानी मी बराबर वाचला कं नाय?"

जनीनं दामाजीकडे बघितलं. मालूनं बघितलं. तिच्या ओठांवर शब्द तयार होता, नुसता त्याच्या तोंडात घालायचा बाकी होता: व्हय. सकाळपासून तो शब्द दामाजीनं इतक्यांदा म्हटला होता की एकदा आणखी म्हणायला काय जात होतं? आणि खड्ड्याचं तर खरंच होतं.

"मासा बराबर वाचलास," दामाजी म्हणाला. "पानी नाय."

मालूनं डोळे मिटले.

धाकूशेठनं सदऱ्यावरचा वाळलेला गाळ नखानं खरवडला. मग तो नळाकडे वळला. "हात-पाय धुवाला पानी द्या," तो खेकसला. "आनि तो बाजारातला जिताडा असंल तर वाढा. भूक लागली."

वैशाखात लग्न झालं. शिवराम सुट्टी काढून आला, मालू करंज्याला गेली, आणि लोकांना वाटलं की दामाजीचा ताप संपला. खरा ताप तिथून लागला. कारण आता धाकूशेठ पुनवेच्या पुनवेला डोंबिवलीला यायला लागला, गरवायला. नव्वद साल उजाडलं, मोठागावात बिल्डिंगांवर बिल्डिंगा चढल्या, दामाजी कंपनीतून रिटायर झाला, तरी हा येतोच. येताना करंज्याचे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणतो आणि वाटेत भेटेल त्याला तो सुटलेला जिताडा सांगतो. पहिल्या वर्षी तो हातभर होता. आता मालूच्या मोठ्या मुलाएवढा झाला आहे, आणि मुलगा वाढतोय.

पण तेही दामाजीनं सोसलं असतं. खरी आग दुसऱ्याच गोष्टीची होते. धाकूशेठ त्या दिवसापासून खाडीला भ्यायला आहे. कबूल करत नाही, पण ओहोळाच्या काठावर बसतो तो खाडीकडे पाठ करून. तोंड खाजणाकडे, डोळे ओहोळात वाहणाऱ्या पाला-पाचोळ्यावर, आणि गरी मागे, खांद्यावरून टाकलेली. तंगूस ताठ होतो, कोळंबी खाल्ली जाते, मासा येतो आणि पोट भरून जातो; या गृहस्थाला पत्ता नसतो.

"अरे, तुला लागलाय!" दामाजी ओरडतो. "वल! गरीकडं बग!"

"पानी कय चाललंय ते बगतो मी," धाकूशेठ न वळता सांगतो. "गरीकडं तू बग. तू मास्तर ना?"

आणि दामाजी, एका हातात आपली गरी आणि दुसऱ्या हातात व्याह्याची, दोन्ही तंगूस एकमेकांत अडकू नयेत म्हणून कोपरं बाहेर काढून बसतो, आणि त्याच्या तोंडून जे निघतं ते अख्खा मोठागाव ऐकतो.